बिनचेहऱ्याचा फोटो

माझ्याकडे 'पडदे' नावाचा एक फोल्डर आहे. संगणक बदलले, डिस्क बदलल्या, पण घर बदलताना न उघडताच नेलेल्या खोक्यासारखा तो या डिस्कवरून त्या डिस्कवर येत राहिला. परवा जागा मोकळी करायची म्हणून उघडला आणि संध्याकाळ त्यातच गेली. आत चारेकशे स्क्रीनशॉट. सगळे लिनक्स या संगणकप्रणालीचे, सगळे मी काढलेले आणि जवळजवळ सगळे कुणाला तरी पटवण्यासाठी काढलेले.

एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. वॉलपेपर सुंदर, आयकॉन एका ओळीत, खालची पट्टी काचेची वाटावी अशी. एका कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्यात प्रोसेसर किती तापलाय ते दाखवणारा आलेख. मधोमध टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. आणि चारशे चित्रांत मिळून कुणी काही काम करतंय असं दिसत नाही. नव्या फ्लॅटच्या जाहिरातीतला दिवाणखाना असतो ना, सोफा आहे, फुलदाणी आहे, पायपुसण्यावर एक पाऊल उमटलेलं नाही, तसं.

हा उद्योग मी वर्षानुवर्षं का केला? विंडोज किंवा मॅक बहुतेक लोक निवडत नाहीत, ते संगणकाबरोबर घरी येतं. आल्यावर ते आवडतं किंवा त्याची सवय होते, पण ते आणायला कुणाला जावं लागत नाही. लिनक्स मात्र आणावं लागे, आणि आणायचं तर आधी आपल्या डिस्कचे तुकडे पाडायची तयारी ठेवावी लागे. 'पार्टिशन' हा शब्द ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. त्यात आणखी एक समज पक्का बसलेला: लिनक्स म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कितीही वाद घाला, तो हलत नसे. एक चित्र दाखवलं की हलायचा. २००० साली क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स आलं आणि डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरून अख्खी प्रणाली चालवून दाखवायची युक्ती पुष्कळांना कळली. पण सीडी घालून दाखवायला माणूस समोर लागतो. चित्र एकटं फिरतं.

अडचण एवढीच, की ज्याचा फोटो काढायचा त्याला चेहराच नव्हता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जाहीर केलं ते कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. मेमरी वाटून देणं, डिस्कशी बोलणं, कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ मिळेल ते ठरवणं, ही त्याची कामं. यातलं काहीच दिसत नाही. पडद्यावर जे दिसतं ते दुसऱ्यांचं. खिडक्या काढणारी एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली, म्हणजे ती लिनक्सहून सात वर्षांनी थोरली. त्यावरचा केडीई हा डेस्कटॉप मथियास एट्रिख यांनी १९९६ साली जाहीर केला. ग्नोमची सुरुवात पुढच्या वर्षी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी केली. दोन्ही फ्रीबीएसडीवरही चालतात, आणि फ्रीबीएसडी म्हणजे लिनक्स नव्हे, ते वेगळंच घराणं. फ्रीबीएसडीवरचा केडीई आणि लिनक्सवरचा केडीई शेजारी-शेजारी ठेवले तर कुठला कुठला हे मला सांगता येणार नाही, आणि मी यात बरीच वर्षं घालवली आहेत.

मग लोकांनी दाराला पाटी लावायला सुरुवात केली. स्क्रीनफेच, नंतर निओफेच. टर्मिनलमध्ये एका शब्दाची आज्ञा द्यायची, की डावीकडे डिस्ट्रोचं, म्हणजे आपण बसवलेल्या लिनक्सच्या वाणाचं, बोधचिन्ह अक्षराअक्षरांनी रेखाटलेलं उमटतं, डेबियनची गिरकी नाहीतर आर्चचा निळा सुळका, आणि उजवीकडे कर्नलची आवृत्ती, मेमरी, थीम, फॉन्ट. ज्याच्यासमोर तो संगणक आहे त्याला यातलं काहीच नवं नसतं. थीम त्यानेच लावलेली, फॉन्ट त्यानेच शोधलेला. निओफेचच्या माहितीपत्रात तर सरळ लिहिलं होतं, की हे साधन स्क्रीनशॉटमध्ये दिसण्यासाठी आहे. या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटलं होतं. म्हणजे एक प्रोग्रॅम असा, की त्याचं काम फोटोत उभं राहून नाव सांगणं. २०२४ मध्ये निओफेचचं काम अधिकृतपणे थांबलं. तोवर फास्टफेच आलं होतंच. पाटीवाचून चालणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या फोल्डरमधल्या जुन्यात जुन्या चित्रात मात्र पाटी नाही, वॉलपेपरही नाही. त्या काळी एक्स नुसतं सुरू केलं की पडद्यावर एक करडी वीण यायची. काळे-पांढरे ठिपके असे गुंफलेले, की दुरून राखाडी वाटावं आणि जवळून डोळे चुरचुरावेत. मध्ये फुलीच्या आकाराचा कर्सर. त्यावर एक घड्याळ, एक टर्मिनल आणि माउसच्या मागे बुबुळं फिरवणारे एक्सआईजचे दोन डोळे. हे चित्र मी एका मित्राला मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं. तो बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ते घाबरलेत."

मग नकलांचा काळ आला. एफव्हीडब्ल्यूएम९५ म्हणून एक विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांच्या चौकटी आणि बटणं सांभाळणारा प्रोग्रॅम, होता, नावातल्या ९५ वरूनच कळावं की कुणासारखं दिसायचंय. विंडो मेकर हा दुसरा, नेक्स्टस्टेप या जुन्या प्रणालीच्या वळणाचा होता, तो मला खरंच आवडायचा आणि अजूनही आवडतो. मॅक ओएस टेन आल्यावर तर त्या पाणेरी बटणांच्या थीमचा पूर आला. मी त्या सगळ्या लावल्या. 'बघ, अगदी तसंच दिसतं' असं म्हणून चित्र पाठवायचो. ज्याला पाठवलं तो मनात म्हणत असणार, तसंच आहे तर मग बदलू कशाला? हा प्रश्न मला सुचायला काही वर्षं लागली.

त्या काळातली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी, ती म्हणजे पारदर्शक टर्मिनल. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ईटर्म, एटर्म या टर्मिनलांनी सगळ्यांना वेड लावलं. मागे धुक्यातला डोंगर, पुढे हिरवी अक्षरं, जणू हवेत लिहिलेली. पण ती पारदर्शकता नव्हतीच. एक्सला तेव्हा एका खिडकीतून दुसरी दाखवताच येत नसे. टर्मिनल काय करी, तर आपण पडद्यावर नेमके कुठे आहोत ते बघून वॉलपेपरचा तेवढाच तुकडा उचली आणि आपल्या अंगावर रंगवून घेई. मागे दुसरी विंडो उघडी असली तरी टर्मिनलमधून डोंगरच दिसे, मधली विंडो जणू नाहीच. टर्मिनल ओढून हलवलं की क्षणभर डोंगर मागे राही आणि मग धापा टाकत येऊन जागेवर बसे. वापरणाऱ्याला ही लबाडी दिवसातून दहा वेळा कळे. फोटोत ती कधीच कळत नसे. अट एकच, टर्मिनल आणि वॉलपेपर यांच्यामध्ये काही येऊ द्यायचं नाही. खऱ्या पारदर्शकतेची सोय २००४ मध्ये झाली, एक्स डॉट ऑर्ग या एक्सच्याच रूपाच्या ६.८ आवृत्तीत कॉम्पोझिट नावाचा विस्तार आला तेव्हा. तोवर आम्ही काचेचे म्हणून जे फोटो काढले ते सगळे रंगवलेल्या भिंतीचे होते.

या असल्या सजावटीला राइसिंग म्हणतात. शब्द मोटारी सजवणाऱ्यांकडून आला आहे. मी त्यात आठवडेच्या आठवडे घालवले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. कॉन्फिगरेशनच्या फाइली हाताने लिहिताना या प्रणालीची जेवढी हाडं मला कळली तेवढी एरवी कळली नसती. पण तो झाला माझा फायदा. ज्याला चित्र पाठवलं त्याच्या वाट्याला ही हाडं आली नाहीत, फक्त रंग आला.

२००६ मध्ये घन आला. नॉव्हेल कंपनीने काँपिझ हा खिडक्यांना हालचाली देणारा प्रोग्रॅम खुला केला, आणि खिडक्या ओढल्या की ओल्या कापडासारख्या लवू लागल्या. चार वर्कस्पेस एका घनाच्या चार बाजूंवर. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून माउस ओढला की अख्खा डेस्कटॉप समोर फिरायचा. पाहणारे खरंच खुर्चीतून उठून जवळ येत. फोटो काढणं मात्र कठीण, कारण दोन बोटं कीबोर्डवर, एक हात माउसवर, मग प्रिंट स्क्रीन कशाने दाबणार? त्यावर उपाय म्हणजे स्क्रीनशॉटच्या आज्ञेला पाच सेकंद थांबायला सांगायचं आणि तेवढ्यात घन अर्धा वळवून, श्वास रोखून धरून ठेवायचा. माझ्या फोल्डरमध्ये अशी सदतीस चित्रं आहेत. एकात घन जास्तच वळलाय, एकात खिडकी लवता लवता फाटल्यासारखी दिसतेय. अडतिसावं जमलं.

ते मी ताईला पाठवलं. ताई मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या, उकार आणि विरामचिन्हं तपासण्यात तिचं आयुष्य गेलं. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "सुंदर आहे रे. पण यात तू काम कुठे करतोस?"

मी फोन करून समजावलं, की घनाच्या चार बाजू म्हणजे चार टेबलं असं समज. एकावर पत्रव्यवहार, एकावर लेखन, असं.

"म्हणजे चार ठिकाणी काम नाही," ती म्हणाली.

मी तेव्हा हसून सोडून दिलं. खरं सांगायचं तर थोडा चिडलोही.

फोटोत काम का नसे याचं एक कारण अगदी साधं आहे. सुरुवातीला मी माझ्या रोजच्या खात्यातूनच स्क्रीनशॉट काढत असे. पण रोजच्या खात्यात आपण असतो. टर्मिनलच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आपलं आणि संगणकाचं नाव असतं, कोपऱ्यात न वाचलेल्या पत्रांचा आकडा असतो, ब्राउझरच्या टॅबवर आपण रात्री काय शोधत होतो ते असतं. एकदा एका संपादकांना मी कळवलं, की तब्येत बरी नाही, लेख चार दिवस उशिरा देतो. त्याच आठवड्यात एक नवा डेस्कटॉप सगळीकडे पाठवला. त्यांनाही कुठून तरी तो मिळाला. वर उजवीकडे घड्याळ: बुधवार, पहाटेचे २:४०. खाली अर्धवट झाकलेला एक फोल्डर: 'थीम-प्रयोग-१७'. त्यांनी चित्रासकट एका ओळीचं पत्र पाठवलं, 'तब्येतीला जपा.'

त्यानंतर मी फोटोंसाठी वेगळं खातं उघडलं. त्यात एकही फाइल नाही, एकही पत्र नाही, खात्याचं नाव 'पाहुणा'. तिथून पुढचे सगळे स्क्रीनशॉट या पाहुण्याचे. त्याला कुणी पत्र लिहीत नाही, त्याचं काही राहिलेलं नसतं, त्याच्या डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर (३)' कधी साचत नाही. लिनक्स कसं आहे हे मी जगाला सांगत होतो ते अशा माणसाच्या तोंडून, ज्याने ते कधी वापरलंच नव्हतं.

चित्र पीएनजी प्रकारच्या फाइलीत ठेवायचं, हे ओघात सांगून टाकतो. जेपीईजी फोटोंसाठी ठीक, पण अक्षरांच्या कडांना त्यात धुरकट डाग पडतात आणि पाहणाऱ्याला वाटतं फॉन्टच वाईट आहे. शिवाय पीएनजी हे या चळवळीचं भावंडच. जीआयएफमध्ये वापरलेल्या पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या अखेरीस त्यावरून पैशांची गोष्ट निघाली तेव्हा लोकांनी एकत्र बसून कुणाच्याही मालकीचा नसलेला प्रकार तयार केला, तो हा. १९९६ मध्ये तो प्रमाण म्हणून पुढे आला.

पण पीएनजीबद्दल विचार करताना मला खरं जाणवलं ते वेगळंच. या जगात चांगल्या बातम्या पीएनजीत येतात आणि वाईट बातम्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. डेस्कटॉप छान जमला तर त्याचा काटेकोर, प्रत्येक ठिपका जागच्या जागी असलेला स्क्रीनशॉट निघतो. संगणक सुरूच झाला नाही तर स्क्रीनशॉट काढणार कोण? मग माणूस फोन उचलतो आणि तिरका फोटो काढतो. त्यात पडद्यावरच्या ओळी, पडद्यावरची धूळ, आणि काचेत त्याचा स्वतःचा वैतागलेला चेहरा. मदत मागणारे असे फोटो मला शेकडो आले असतील. ते 'पडदे' फोल्डरमध्ये नाहीत. ते कधी जपून ठेवावेत असं सुचलंच नाही.

कर्नल पॅनिकची तर त्याहून वाईट स्थिती. डेस्कटॉप चालू असताना कर्नल कोसळला तर वर्षानुवर्षं पडद्यावर काहीच येत नसे. चित्र गोठायचं, फार तर कीबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे. म्हणजे कोसळण्याच्या क्षणी डेस्कटॉप जितका देखणा असेल तितकाच देखणा तो मेल्यावरही दिसे. मेलेल्या आणि जिवंत डेस्कटॉपचा फोटो हुबेहूब एक. २०२४ च्या जुलैत आलेल्या ६.१० कर्नलपासून अशा वेळी पडद्यावर तसं लिहून दाखवायची सोय झाली. त्याच वर्षी पुढे ६.१२ मध्ये त्यात क्यूआर कोडही आला. आता तो फोनने टिपायचा. शेवटी कर्नलने स्वतःहून कॅमेऱ्याकडे बघितलं म्हणायचं.

आणि ते बटण. प्रिंट स्क्रीन. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर ते नावाप्रमाणे वागायचं, पडद्यावरची अक्षरं थेट प्रिंटरला पाठवायचं. पुष्कळशा कीबोर्डांवर त्याच बटणावर बारीक अक्षरांत आणखी एक नाव असतं, सिसआरक्यू. सगळं गोठलं, माउस हलत नाही, काहीच ऐकत नाही, अशा वेळी ऑल्ट आणि हे बटण धरून एकेक अक्षर सावकाश दाबायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. कीबोर्ड परत ताब्यात घे, सगळ्या प्रोग्रॅमना निघायला सांग, जे निघत नाहीत त्यांना संपव, डिस्कवर लिहायचं राहिलंय ते लिही, डिस्क फक्त वाचनापुरती ठेव, पुन्हा सुरू हो. पुष्कळ डिस्ट्रो आता हे सगळं आधीपासून चालू ठेवत नाहीत, पण मी चालू करून घेतो. मिरवायचं आणि वाचवायचं बटण एकच आहे हे मला आधी माहीत असतं तर मिरवण्याच्या नादात जरा कमी राहिलो असतो, असं उगीच वाटतं. बहुधा नसतो राहिलो.

स्क्रीनशॉट पाहून एकाने खरोखर उबुंटू ही डिस्ट्रो बसवली. माझ्या प्रचाराचं पहिलं फळ. पहिली आवृत्ती, ४.१०, ऑक्टोबर २००४. त्याचा फोन आला तो असा: "सगळं झालं, पण हे तपकिरी आहे. तुझं निळं कुठे गेलं?" उबुंटू तेव्हा तपकिरीच होतं. निळं ते माझं होतं, तीन आठवडे खपून केलेलं. मी त्याला फाइली पाठवल्या, कुठे काय टाकायचं ते लिहून दिलं. तो दोन दिवस झगडला आणि मग तपकिरीतच राहिला. वाईट हे की पुढची दोन वर्षं तो मनातून समजत होता, की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून आपलं लिनक्स कुरूप आहे.

म्हणून प्रणालीबरोबर जे मिळतं तेच चित्रात दाखवावं, असं माझं मत झालं. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये प्रोग्रॅमची चित्रं देताना मूळ सेटिंगमधलीच द्यावीत असा आग्रह आता धरला जातो, तो मला पटतो. पण त्यानेही सगळं भागत नाही. केडीई ४.० जानेवारी २००८ मध्ये आलं तेव्हा त्याची चित्रं मूळ रूपातलीच होती आणि फार देखणी होती. वापरायला मात्र ते कच्चं होतं, अंगवळणी पडलेल्या कितीतरी सोयी अजून यायच्या होत्या. ग्नोम ३.० एप्रिल २०११ मध्ये आलं, तेव्हा त्यात खिडकी खाली घालवायचं बटणच ठेवलं नव्हतं. चित्रात ते किती शांत, किती मोकळं दिसायचं! नसलेली गोष्ट फोटोत सौंदर्य म्हणून दिसते. ती नाही हे हात तिकडे गेल्यावर कळतं.

अक्षरांच्या बाबतीत मात्र उलट. देवनागरी मेन्यूचा माझा पहिला स्क्रीनशॉट फोल्डरमध्ये आहे. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आली आहे, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली पडली आहेत आणि काही ठिकाणी नुसतंच ठिपक्यांचं वर्तुळ. आज अक्षरं जुळवणारे पँगो आणि हार्फबझ हे प्रोग्रॅम हे काम बिनबोभाट करतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ते मोडकं चित्र मी कुणालाही पाठवलं नव्हतं. आता पाहताना सगळ्या चारशे चित्रांत तेच मला सर्वांत जास्त माहिती देणारं वाटलं.

कारण मला जे पटवायचं होतं ते चित्रात मावणारं नव्हतंच. मनाला येईल तसं वापरता येणं, आतलं उघडून बघता येणं, दुसऱ्याला देता येणं, बदलून बदललेलं पुन्हा वाटता येणं. वेलांटी चुकली तर ती दुरुस्त करायचा हक्क कुणाकडे मागावा लागला नाही, हे कुठल्या खिडकीत दिसणार? आणि यातला सगळ्यात गमतीचा भाग वेलँडचा, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेचा. जुन्या एक्सवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम अख्ख्या पडद्याचा फोटो गुपचूप काढू शकत असे, तुम्ही पासवर्ड लिहीत असा की पत्र. २००८ साली क्रिस्तियन हॉग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँडमध्ये ही पळवाट नाही. दुसऱ्याच्या खिडकीत डोकवायचं तर परवानगीच्या दारातून जावं लागतं. माझी जुनी स्क्रीनशॉटची आज्ञा तिथे चालेना. मी तासभर शिव्या दिल्या. मग कळलं, की ज्या गुणाची जाहिरात करायला हवी तोच मला फोटो काढू देत नाहीये.

ताईने लिनक्स घेतलं ते माझ्या कुठल्याही चित्रामुळे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत सुधार थांबायचे होते. केडीईची घोषणा झाली तीही १४ ऑक्टोबरचीच, १९९६ मधली, पण हे ऐकण्यात तिला रस नव्हता. तिचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. "चालतोय चांगला, मग टाकू कशाला?" एवढंच तिचं म्हणणं. मी जाऊन तिला केडीई असलेली डिस्ट्रो बसवून दिली. घन दाखवला नाही. थीम बदलली नाही. लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये तिची फाइल उघडून दिली आणि तिने लगेच पहिल्या पानावरचा एक अनुस्वार काढला.

महिन्याभराने तिच्याकडून एक चित्र आलं. प्रिंट स्क्रीनचं बटण तिने आपलं आपणच शोधलं होतं. तक्रार होती, समासातल्या टिपांची अक्षरं बारीक दिसतात. चित्रात पूर्ण पडदाभर हस्तलिखित, ३१२ पानांपैकी १४८ वं. उजवीकडे समासात टिपाच टिपा, 'संदर्भ तपासा', 'हे नाव मागे वेगळं लिहिलंय', 'इथे लेखकाला विचारणे', एका टिपेत नुसतं उद्गारचिन्ह. त्यावर अर्धी चढलेली शब्दकोशाची खिडकी. खालच्या पट्टीवर सात-आठ फाइली. वॉलपेपर कुठला होता ते कळायला मार्ग नाही, तो कुठेच दिसत नव्हता. मी ते चित्र बराच वेळ बघत बसलो. टिपांच्या अक्षरांचा आकार कसा वाढवायचा ते कळवायचं राहूनच गेलं, दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

मी विचारलं, "हे चित्र मी लोकांना दाखवू का?"

"वेडा आहेस का? लेखकाचं पुस्तक आहे ते. छापून यायचंय अजून."

बरोबरच होतं. मग मी 'पाहुणा' खातं उघडलं. तशीच फाइल केली, मनाने काहीतरी मजकूर लिहून पानं भरली, समासात टिपा टाकल्या, शब्दकोशाची खिडकी तितकीच चढवली, खालच्या पट्टीवर फाइली उघडून ठेवल्या. दुपार गेली त्यात. चित्र तिला पाठवलं आणि विचारलं, यात तुझं काही नाही ना, हे दाखवलं तर चालेल ना?

पाच मिनिटांत उत्तर आलं. "चालेल. पण तिसऱ्या ओळीत 'परीक्षा'ची री ऱ्हस्व पडलीय."

चित्रातली वेलांटी बदलता येत नाही. मी फाइल पुन्हा उघडली, री दीर्घ केली, खिडक्या होत्या तशा लावल्या आणि प्रिंट स्क्रीन दाबलं.